चाळीस दिवस रिकामा फिरलो

मी एक जुना फीडर आहे. लगेच 'फीडर म्हणजे काय बुवा' असं तोंड करू नका, सांगतो. पिठाच्या मोठ्या गिरणीत, पीठ पोत्यात पडायच्या जरा आधी, एका लोखंडी शिडीच्या टोकाला मला बसवलं होतं. वर डबा, खाली नळी, मधे फिरणारा पिळाचा दांडा. डब्यात पूड भरायची, दांडा फिरला की ती चिमटी चिमटीने वाहत्या पिठात पडायची. म्हणून सगळे मला चिमट्या म्हणायचे. एवढंच माझं काम.

एवढंच म्हणतोय, पण मित्रांनो, त्या पुडीत लोह होतं, जस्त होतं. पन्नास किलोच्या पोत्याला जेमतेम चमचाभर. चव नाही, वास नाही, दिसतसुद्धा नाही. ज्यांच्या ताटात भाजी कधी असते कधी नसते, त्यांच्या अंगात रक्त राहायला तेवढाच हातभार. सरकारने देशभरच्या गिरण्यांना सांगितलं होतं, हे पिठातूनच द्या. लोक पीठ खातातच, मग वेगळं काही लक्षात ठेवून खायला नको.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. मला जोडणारा वेल्डर घाईत होता. माझ्या पोटात आतून एक कंगोरा राहिला, तो त्याने घासलाच नाही. "आत कोण बघतंय," म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. पूड नेमकी तिथे अडायची. हवेत ओल असली की तिचा गोळा व्हायचा, वरच्या वर कमान धरायची आणि खाली सगळं पोकळ. दांडा फिरतोय, पडत काहीच नाही.

पहिल्याच महिन्यात हे मिस्त्रींनी पकडलं. मिस्त्री म्हणजे आमचा मजला सांभाळणारा माणूस. कानामागे पेन्सिल, भुवयांवर कायम पीठ, आणि तोंड म्हणजे विचारू नका. दर तासाला शिडी चढून यायचे आणि लाकडी हातोडीने माझ्या पोटावर दोन दणके घालायचे.

"झोपलास का रे चिमट्या? पाड पूड! फुकटचा फिरतोय नुसता!"

खालून तपासणीवाल्या ताई ओरडायच्या, "काका, हळू! त्यालापण जीव आहे."

"जीव असता तर लाज असती त्याला!"

ताई रोज पिठाचा नमुना घेऊन त्यावर दोन बाटल्यांतले थेंब टाकायच्या. पिठात लोह असलं की लाल ठिपके उठायचे. ठिपके आले की खालून आवाज यायचा, "चिमट्या पास!" तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण दणके मात्र मला जाम झोंबायचे. अंगभर पोचे पडले होते. मनात म्हणायचो, एकदा तरी कोणीतरी या म्हाताऱ्याचा हात धरा.

धरला ना. नवे साहेब आले. काळे चकचकीत बूट घालून पिठाच्या गिरणीत यायचे आणि दर दहा पावलांना पुसायचे.

"हे काय, पोचे? पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत बघायला. याला रंग मारून घ्या. आणि ती हातोडी बंद."

"साहेब, ठोकलं नाही तर पूड अडते."

"मिस्त्री, मशीन आहे का गाढव? मारून काम करून घेताय ते?"

मिस्त्री काहीतरी पुटपुटले, पण हातोडी गेली. मला हिरवागार रंग लागला. पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. एक बाई तर म्हणाल्या, किती शांत चालतं हे! मी असा फुगलो म्हणून सांगू.

त्याच आठवड्यात हवा कुंद झाली. पूड गोळा झाली आणि तिने कमान धरली.

मला कळलं. लगेच कळलं. पिळावर पूड असली की दांडा जड लागतो, त्या दिवशी एकदम हलका. नुसता वारा. माझ्या पायाचा एक बोल्ट ढिला होता, जरा अंग हलवलं असतं तर सगळा मजला खडखडला असता आणि मिस्त्री धावत आले असते. पण धावत आले असते ते हातोडी घेऊनच, हो ना? नवा रंग गेला असता. मी अंग चोरून, शहाण्या पोरासारखा, गपचूप फिरत राहिलो. म्हटलं, एक दिवसाने काय होतंय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तेही ऐका. सकाळी मोटर सुरू होताना मला एक झटका बसायचा. त्या झटक्याने कमानीच्या पोटातली थोडी पूड सुटायची. नेमका तेव्हाच ताई नमुना घ्यायच्या. ठिपके लाल! चिमट्या पास! मग दिवसभर माझ्यातून कण पडत नव्हता. आणि डबा? तो दोन पाळ्यांत मिळून भरायचा होता. मिस्त्री झाकण उघडून बघायचे, डबा भरलेला. त्यांना वाटायचं दुसऱ्या पाळीने भरला. दुसऱ्या पाळीला वाटायचं मिस्त्रींनी भरला.

मिस्त्री जेवणाचा डबा खायला माझ्याखालीच बसायचे. तिथूनच लेकीला फोन लावायचे. लेक तिच्या सासरी, दोन गल्ल्या पलीकडे, सातवा महिना. तिच्याकडेही आमचंच पीठ जायचं.

"काय गं, आवाज का असा? ... गोळ्या? लोहाच्या? मळमळतं तर नको घेऊस ना मग. ... अगं त्या डॉक्टरीणबाईंना काय, चिठ्ठी लिहायचा सोस. आपल्या पिठात लोह असतं, वेडे. तुझा बाप स्वतःच्या हाताने घालतो."

मी वर फिरत होतो. हलका. मिस्त्री फोन कानाला लावून हसत होते, आणि मी त्यांच्या डोक्यावर रिकामा फिरत होतो. तेव्हा तरी खडखडायला हवं होतं मी. नाही खडखडलो.

चाळिसाव्या दिवशी मिस्त्री कामाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते हातात घरच्या पिठाचा डबा घेऊन, रागाने लालबुंद.

"ताई, टाका याच्यावर थेंब. त्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवतो."

"काय झालं काका?"

"पोरगी जिन्यात पडली, चक्कर येऊन. रक्त सातसुद्धा नाही म्हणतात. वरून मलाच झापलं, पिठाच्या भरवशावर गोळ्या बंद करतात का कोणी? पीठ हातभार लावतं, औषध नाही ते. मी म्हटलं, बाई, तुम्हाला आमचं पीठ माहीत नाही. टाका थेंब!"

ताईंनी टाकले. पीठ पांढरंच राहिलं.

"थेंब जुने असतील," ताई म्हणाल्या. त्यांनी त्या सकाळच्या नमुन्यावर त्याच बाटल्यांतले थेंब टाकले. लाल ठिपके उठले.

म्हणजे थेंब चांगले होते. मग मिस्त्रींनी हळूच मान वर केली. माझ्याकडे.

मोटर बंद करून शिडी चढून आले. झाकण उघडलं, बाही वर सरकवली आणि हात खुपसला. वरचा थर फुटला आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. खाली काहीच नव्हतं. मला वाटलं आता शिव्या घालतील, लाथ मारतील. पण हात माझ्या पोटात तसाच, आणि कपाळ माझ्या हिरव्या रंगावर टेकलेलं. त्यांच्या भुवयांवरचं पीठ ओलं झालं.

साहेब आले. "आता पडतंय ना? मग विषय संपला. बाहेर बोलायचं नाही."

"चाळीस दिवसांचं पीठ गेलंय साहेब. घराघरात."

"कोणी मेलंय का?"

"माझी पोरगी सलाईनची बाटली लावून पडलीय," मिस्त्री म्हणाले. "अजून किती जणी पडल्यात, ते तुम्ही मोजलंत?"

साहेब बूट पुसायला लागले. मिस्त्रींनी टोपी घातली आणि निघाले. ताईपण मागोमाग. पुढचं मला ताईंकडून कळलं. आधी ते दवाखान्यात गेले. मग आमचं पीठ विकणाऱ्या प्रत्येक दुकानात जाऊन, रांगेतल्या बायकांसमोर उभं राहून सांगितलं, "चाळीस दिवसांच्या पिठात लोह नव्हतं. चूक आमची. पोटुशा असाल, अंगावर पाजत असाल, तर रक्त तपासा. गोळ्या चालू असतील तर बंद करू नका. मी माझ्या लेकीच्या बंद केल्या." एक बाई त्यांना तोंडावर नाही नाही ते बोलली. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या दुकानात गेले.

दवाखान्यात रक्त कमी झालेल्या आणखी अकरा जणी निघाल्या.

लेकीला रक्त चढवलं. तीन आठवडे मिस्त्री कामावर यायचे ते नुसते अंगाने. फोन वाजला की हातातलं खाली पडायचं. शेवटी एकदा फोन कानाला तसाच धरून ताईंना म्हणाले, "मुलगी झाली. एवढुशी. पावणेदोन किलो. दोघी आहेत." 'दोघी आहेत' हे ते तीन वेळा म्हणाले.

माझ्या जागी नवा फीडर आला. त्याच्याखाली वजनकाटा आहे, पूड पडली नाही की तो गिरणीच बंद पाडतो. मी मागच्या अंगणात, पोत्यांच्या ढिगाशेजारी पडून असतो.

मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. यंत्र गुपचूप चाललंय म्हणजे बरं चाललंय, असं समजू नका. आत हात घालून बघा. आणि तुमच्यावर सोपवलेलं काम तुमच्याकडून होत नसेल ना, तर ओरडा, आदळआपट करा, मार खा. पण शहाण्यासारखे गप्प फिरत राहू नका. तुमच्या गप्प राहण्याची किंमत भलताच कोणीतरी भरतो.

परवा मिस्त्रींची लेक आली होती, पोरीला घेऊन. अजून फिकीच दिसते. मिस्त्रींनी तिला अंगणात आणलं आणि बोट दाखवलं, "हाच तो."

तिने मला बघितलं. मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय?"

मला कळत होतं, मित्रांनो. पहिल्या दिवसापासून कळत होतं.