डाव्या बाजूची हाक

रेव्हन नॉब डोंगराच्या पहिल्या चढावर बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी खऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त दिसतं. इंजिनाचं नाक वर असतं, शेपूट खाली, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे, केबिनकडे सरकून येतं. दुसऱ्या चढावर इंजिन उलटं चढतं आणि तेच पाणी दोन बोटं कमी दिसतं. व्हर्नेल स्कॅग्जने फावडं टेकवलं, नळीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात दोन बोटं वजा केली. पाणी ठीक होतं. तिने भट्टीचं दार पायाने उघडलं आणि कोळसा डाव्या कोपऱ्यात फेकला.

पुढे पाच उघडे डबे होते आणि त्यांत डोंगर बघायला आलेले एकशे बारा प्रवासी. इंजिन त्यांना मागून ढकलत होतं. डोंगर सरळ चढण्याइतका सौम्य नाही, म्हणून इथून लाकूड न्यायचे त्या काळी लाकूडवाल्यांनी रूळ नागमोडी टाकले. गाडी एका दिशेने वर जाते, रूळ संपतात तिथे थांबते. मागे सांधा बदलतो आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ घेते. असे दोन वेळा. रूळ संपतात तिथे मातीचा एक ढीग आहे, आणि ढिगापलीकडे काही नाही.

दोन्ही ठिकाणी सांधा डाव्या बाजूला. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला तो दिसत नाही. खाली उभा असलेला ब्रेकमन क्लेटन सांधा बदलून हात वर करतो, डावीकडे बसलेली व्हर्नेल ते पाहते आणि मोठ्याने हाक देते, "उलटी" किंवा "सरळ". ड्रायव्हर तोच शब्द परत म्हणतो, मगच गाडी हलते. ही पद्धत लाकडाच्या दिवसांपासूनची.

पहिल्या टोकाला गाडी थांबली. व्हर्नेल भट्टीकडे वाकलेली होती. तिने हाक दिली नव्हती. गाडी हलली, आणि हलली ती पुढे, ढिगाच्या दिशेने.

"ऑर्व्हल!"

ब्रेक लागले. डब्यांमधून हसण्याचा आवाज आला, कुणाचा तरी सोडा सांडला असावा.

"काय झालं ओरडायला?" ड्रायव्हर ऑर्व्हल टॅकेट शांतपणे म्हणाला. "कड्या सैल करत होतो. आधी थोडं ढकलायचं, मग ओढायचं. लाकूड भरलेले डबे काय असे उचलले जायचे का?"

ते खरं होतं. तिनेही ऐकलं होतं की जड गाडी उचलण्याआधी डब्यांमधल्या कड्या अशा सैल करतात, म्हणजे एकेक डबा सुटासुटा हलतो. त्यासाठी दिशेचा दांडा पुढच्याच बाजूला ठेवायचा असतो, आणि हाकेच्या आधीच. म्हणजे ऑर्व्हलने जे केलं ते आणि चुकलेला माणूस जे करील ते, दोन्ही तंतोतंत सारखंच. फरक फक्त अंतराचा. पाच डब्यांच्या कड्यांना मिळून दोन फूट पुरे झाले असते. गाडी चार फूट गेली असं तिला वाटलं. पण ती वाकलेली होती. तिने मोजलं नव्हतं.

क्लेटन पायरीवर चढून आत डोकावला. चाळिशीचा, गालात तंबाखू.

"माझे आजोबा सांगायचे हे कड्यांचं. मला वाटलं थाप मारतात म्हातारबुवा."

"तुझा आजा बाकी सगळ्या थापाच मारायचा," ऑर्व्हल म्हणाला. "एवढंच खरं बोलला."

क्लेटन हसत उतरला. व्हर्नेलने हाक दिली, "उलटी." ऑर्व्हल म्हणाला, "उलटी," आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी निघाली.

असं हे मे महिन्यापासून चाललं होतं. मेमध्ये त्याने जंगलाच्या मधोमध लांब शिट्टी दिली, दोन लांब, एक आखूड, एक लांब. फाटकाची शिट्टी. तिथलं फाटक, रस्ता आणि रस्त्याकाठचं दुकान, सगळं पन्नास वर्षांपूर्वी गेलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. गाडीचा कारभार पाहणारी ट्रिश इतकी खूश झाली की माईकवरून माहिती देणाऱ्या मुलीच्या कागदात तिने ती शिट्टी घालून टाकली. आता ऑर्व्हल तिथे शिट्टी द्यायचा तेव्हा तो आठवणीने देतो, विसरून देतो की ट्रिशने सांगितलंय म्हणून देतो, हे कळायला मार्गच उरला नव्हता. जूनमध्ये त्याने व्हर्नेलला होबार्ट म्हटलं. होबार्ट त्याचा जुना फायरमन, मरून वीस वर्षं झालेला. डब्यातली एक बाई म्हणाली, किती गोड. मग तेही चालू राहिलं. मार्चमधल्या तपासणीत डॉक्टरांनी त्याला पास केलं होतं. शहात्तराव्या वर्षी डोळे, कान, रक्तदाब, सगळं ठीक.

व्हर्नेलने एकतीस वर्षं तालुक्याच्या पाणीशुद्धी केंद्रात बाटल्या तपासल्या होत्या. एका बाटलीवरून ती कधी काही बोलली नव्हती. तीन घ्यायच्या, वेगवेगळ्या वेळी, मग बोलायचं. नवरा गेला त्या वर्षी ऑर्व्हलने तिला ही डावी जागा दिली. शेडमधले लोक म्हणाले, बाईमाणसाच्या हातात फावडं? ऑर्व्हल म्हणाला होता, "जिला पाणी कळतं तिला वाफ शिकवायला किती वेळ लागणार? तुम्हाला मी चार वर्षं शिकवतोय." तो गाडीवरून उतरला तर त्याच्याकडे एका राहत्या ट्रेलरशिवाय आणि बहिरट कुत्र्याशिवाय काही उरणार नव्हतं. म्हणून ती आणखी एक बाटली, आणखी एक बाटली असं करत सप्टेंबरपर्यंत आली होती.

दुसरा चढ अर्धा झाला तेव्हा तिच्या मनात एक विचार आला, आणि तो तिला अजिबात आवडला नाही. मे ते आजपर्यंत दिशेची चूक एकदाही झाली नव्हती. आज झाली, जर ती चूक असेल तर. आणि आज काय वेगळं होतं? हाक नव्हती.

दुसऱ्या टोकाला इंजिन ढिगाच्या बाजूला असतं. गाडी थांबली. डावीकडे क्लेटनने सांधा बदलला आणि हात सरळ वर केला. व्हर्नेलने तो स्वच्छ पाहिला. तिने उजवा हात तातडीच्या ब्रेकच्या दोरीवर ठेवला आणि ती काही बोलली नाही.

ती आकडे मोजत राहिली. दहापर्यंत ऑर्व्हल समोर बघत होता. विसाच्या सुमाराला त्याचा हात दिशेच्या दांड्यावर गेला. दांडा पुढे गेला, मध्ये आला, मागे गेला, परत मध्ये आला. तो खिडकीतून बाहेर वाकला, त्याने डोंगराकडे पाहिलं, जणू डोंगर सांगेल. आत आला. खाली क्लेटन हात वर करून उभाच होता.

"घसा बसला का तुझा?" ऑर्व्हल म्हणाला.

आकडा पस्तीस.

"रुसलीस? अगं, ओरडलीस तू, रुसायचं मी."

चाळीस. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब ओघळला. मग तो अगदी हळू, एखाद्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं, म्हणाला, "होबार्ट. सांग ना."

"सरळ," व्हर्नेल म्हणाली.

"सरळ," तो म्हणाला, आणि दांडा पुढे टाकून त्याने इतक्या हलक्या हाताने वाफ सोडली की डब्यांना गाडी निघाल्याचंही कळलं नसेल. त्या हातासारखा हात या डोंगरावर दुसरा नव्हता. याचं काय करायचं हेच तर तिला कळेना.

माथ्यावर अर्धा तास थांबा असतो. प्रवासी फोटो काढायला पांगले. दोघं इंजिनाच्या सावलीत फळीवर बसली. तिने पेपरोनी रोल, मांस भरलेला पाव, मधोमध मोडून अर्धा त्याला दिला.

"थंडच आणलास," तो म्हणाला. "फावड्यावर ठेवून गरम करायचा असतो. होबार्ट फावड्यावर अंडी तळायचा. एकाहत्तर साली एकदा त्याने मला तळून दिली, तर अंड्यात कोळशाची खडी. दात तुटला हा." त्याने दात दाखवला. वर्ष बरोबर होतं, दातही.

"ऑर्व्हल, एक विचारू?"

"विचार."

"खाली जाताना पहिल्या टोकाला पोचलो की पुढे कुठली दिशा?"

त्याने रोल चावला.

"परीक्षा घेतेस का? तुझ्या त्या बाटल्यांसारखी?"

"नाही. विचारतेय."

"हे बघ पोरी. तू हाक द्यायची, मी घ्यायची. ज्याने त्याने आपापली बाजू सांभाळायची. दुसऱ्याची बाजू डोक्यात ठेवली की घोटाळे होतात." त्याने हात पँटला पुसले. "मी काही तुला विचारतो का पाणी किती आहे?"

हे तो नियम म्हणून बोलला की कबुली म्हणून, तिला ठरवता येईना. तसा तो नियमच होता. तिला अकरा वर्षांपूर्वी त्यानेच शिकवलेला. पण तेव्हा तो पाणी किती आहे ते दर पाच मिनिटांनी विचारायचा.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

"मला इथे बरंच वाटतं. खाली गेलं की गोंधळ होतो." तो हसला. "किराणा दुकानात गेलो परवा. तासभर माझी मोटारच सापडेना. मग कळलं, चालत आलो होतो."

तीही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की ही गोष्ट त्याने आजवर कुणाला सांगितली नसणार.

उतरताना तिने दोन्ही ठिकाणी हाक दिली. वेळेवर, मोठ्याने, ठरलेल्या शब्दात. दोन्ही वेळा त्याने शब्द परत म्हटला. मधे त्याने जंगलात फाटकाची शिट्टी दिली आणि डब्यांतून टाळ्या आल्या. एखाद्या परक्या माणसाने पाहिलं असतं तर त्याला या केबिनमध्ये दोन कसलेली माणसं दिसली असती. तिलाही तसंच दिसत होतं, आणि तेच कळत नव्हतं, की मेपासून ही गाडी नक्की कोण चालवत होतं. ती डावीकडे बसून उजवीकडची बाजूही सांभाळत एवढी माणसं डोंगरावर नेत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. एक दिवस तिला ठसका लागला असता. एक दिवस ती भट्टीकडे वाकली असती. आज वाकली होतीच.

पायथ्याच्या स्प्रूस गॅप स्टेशनवर प्रवासी उतरले. एका म्हाताऱ्याने वर हात करून ऑर्व्हलशी हस्तांदोलन केलं, म्हणाला माझा बाप याच लाइनवर होता. ऑर्व्हलने त्याच्या बापाचं नाव विचारलं आणि ऐकून म्हणाला, "लाल केसांचा. शिव्या फार द्यायचा." म्हातारा डोळे पुसत गेला.

व्हर्नेलने भट्टीतला विस्तव दाबून मंद केला, बॉयलरमध्ये पाणी भरलं, हातमोजे काढले. ऑर्व्हल आपल्या जागेवरून उठला नव्हता. चिंधीने पितळी दांडा पुसत होता, एकच जागा पुन्हापुन्हा.

ट्रिश प्लॅटफॉर्मवरून चालत आली. हातात पाटी, पाटीला कागद, कानावर पेन्सिल.

"ऐका हं मंडळी. पानं रंगायला लागली की धमाल आहे. ऑक्टोबरभर दिवसाला दोन फेऱ्या, सगळी तिकिटं गेली. ऑर्व्हल, सगळ्या शनिवार-रविवारी तुम्हीच, नेहमीसारखं? लोक फोनवर विचारतात, ते शिट्टीवाले आजोबा असतील ना म्हणून."

"शिट्टीवाले आजोबा," ऑर्व्हल म्हणाला. "पगार वाढव मग."

"तुम्ही पगार घेताच कुठे? मग लिहू?"

तिने पेन्सिल कानावरून काढली. ऑर्व्हलच्या हातातली चिंधी थांबली. मग तो डावीकडे वळला आणि त्याने व्हर्नेलकडे पाहिलं. नजरेत विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. तो थांबला होता, गाडी थांबवून माणूस थांबतो तसा.

व्हर्नेलने मोजलं नाही.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला, केबिनमध्ये हाक देतानाचा. "लिहू नकोस, ट्रिश. ऑर्व्हलनी आज शेवटची फेरी केली."