तेहतीसवरचा हुंदका

त्या एका तबकडीतून चष्मेवाल्यांना काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. एक रेकॉर्ड कंपनी साठच्या दशकातल्या विसरलेल्या गाण्यांचा संच काढणार होती. त्यातलं शेवटचं गाणं चष्मेवाल्यांच्या तबकडीवरचं असणार होतं. वेष्टनाच्या मागे त्यांचा लेख, लेखाखाली नाव, नावाशेजारी फोटो. पैसे म्हणाल तर नावापुरतेच. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले, त्याला एकदा तरी कुणीतरी चष्मा लावून वाचावं, ही काही लहानसहान मिळकत नव्हे.

आमचं मंडळ चौघांचं. चष्मेवाले, दात काढणारे डॉक्टर, छापखान्यात प्रुफं तपासून डोळे घालवलेले मास्तर आणि मी. मास्तरांची ओळख चष्म्यामुळे, डॉक्टरांची मास्तरांच्या दाढेमुळे, आणि मी असाच, जिथे चहा मिळतो तिथे टिकणारा. दर रविवारी दुपारी चष्मेवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमायचो. साठच्या दशकात छोट्या छोट्या कंपन्या निघायच्या, पॉप नाहीतर सोल ढंगाच्या गाण्यांच्या दोन-चार तबकड्या काढायच्या आणि बुडायच्या. आमचा जीव त्या बुडालेल्यांवर. जी तबकडी कुणीच विकत घेतली नाही, तिचा मान आमच्याकडे सगळ्यात मोठा. खपलेलं गाणं म्हणजे बाजारबसवं, न खपलेलं ते खानदानी, असं डॉक्टर म्हणायचे. त्यांचा दवाखानाही तसा खानदानीच होता.

घरचा नियम एकच. प्लेअरला हात फक्त चष्मेवाल्यांनी लावायचा. सुईही त्यांनीच ठेवायची, उचलायचीही त्यांनीच. आम्ही ऐकायचं, मग भांडायचं.

आणि भांडायला आमच्याकडे ती तबकडी होती. छोटीशी, कोरं पांढरं लेबल, त्यावर ना नाव ना गाव. माल बाजारात आणण्याआधी कंपन्या नमुन्यादाखल दोन-चार तबकड्या काढून बघत, त्यातली ती एक. चष्मेवाल्यांना भंगाराच्या ढिगात सापडलेली. घरी आणली, प्लेअरवर आधीपासून फिरत असलेली मोठी तबकडी उतरवली, ही चढवली आणि ऐकत बसले. एका पुरुषाचा जड, थकलेला, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. मागे ढोलाचे ठोके, कुणीतरी ओझं घेऊन जिना चढतंय असे. शब्द इतके ओढलेले की निम्मे लागायचेच नाहीत. आणि शेवटच्या कडव्याच्या आधी, काहीतरी कोसळल्यासारखा आवाज आणि त्यामागून एक हुंदका. दाबलेला, लांब, छातीतून आलेला. त्या दिवशी चष्मेवाले रडले. आणि माणूस एकदा एखाद्या गोष्टीवर रडला, की ती तपासून बघायची राहूनच जाते.

वर्षानुवर्षं आम्ही त्या हुंदक्यावर चर्चा केली. डॉक्टरांच्या मते त्याची बायको गेली असावी. मास्तरांच्या मते बायको असून तो रडत असावा. चष्मेवाले म्हणायचे, कारण शोधू नका, असा हुंदका नुसता ऐकायचा असतो. तबकडी झिजू नये म्हणून ती महिन्यातून एकदाच वाजायची, आणि त्या रविवारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून येत.

शेजारच्या खोलीत ताई असत. चष्मेवाल्यांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्याला हिनेच वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, 'नंबर सांगा' आणि 'लाइन बिझी आहे' म्हणता म्हणता त्याचं शिक्षण केलं, दुकान टाकून दिलं, त्याचा पहिला प्लेअरही हिच्याच पगारातला. लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, "सगळ्या शहराचं जुळवून दिलं, माझीच लाइन बिझी लागली."

हुंदका वाजला की दार ढकलून त्या आत यायच्या.

"झालं का रे धाकट्या, तुमच्या रडक्या बुवाचं?"

"ताई, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले, "हे ऐकून काळजाला पीळ पडत नाही तुमच्या?"

"पडतो की. वाटतं, याला कुणीतरी घोटभर पाणी द्यावं. पोटात कळ आलीय बिचाऱ्याच्या, आणि तुम्ही म्हणताय कला."

मास्तर हसले. मास्तर हसले की ताईंना चेव यायचा.

"मी पण गायले होते एकदा. तबकडी निघाली होती माझी."

"निघणार होती," चष्मेवाल्यांनी दुरुस्त केलं. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनीच पूर्वी ऐकली होती. "कुठल्याच सूचीत नाहीये ताई ते. मी सगळ्या सूच्या पाहिल्यात."

"सूचीत नसेल. घशात होतं."

गोष्ट अशी. ताई विशीतल्या. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचा भाऊ एका बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. गाणारी बाई ऐन वेळी आली नाही, म्हणून त्याने हिला स्टुडिओत नेऊन उभं केलं. हातात शब्दांचा कागद दिला. शेवटच्या कडव्याआधी ड्रमवाल्याचं स्टूल मोडलं, तो दाणकन खाली बसला आणि ताईंना हसू फुटलं. टेप संपत आली होती, पुन्हा गायला वाव नव्हता, म्हणून हसण्यासकट तेच ठेवलं. मग कंपनी बुडाली.

"आणि गाणं कुठलं?" मास्तरांनी विचारलं.

"कागदावर होतं. कागद त्यांनी परत घेतला."

"ताई," चष्मेवाले म्हणाले, "ज्याची तबकडी निघता निघता राहिली, असा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो."

आम्ही हसलो. ताईही हसल्या. मग कपबशा गोळा करता करता म्हणाल्या, "हसा. गाणं मेलं जाऊ दे, पण ते हसू एकदा ऐकायला मिळालं असतं. तेव्हा कशी हसायचे, तेच आता आठवत नाही."

शहरात त्या काळी तसला स्टुडिओ एकच होता. तो बंद पडल्यावर त्याचं भंगार दुसरीकडे कुठे जाणार? एवढी साधी बेरीज चार जाणकारांपैकी एकालाही सुचली नाही. आम्ही आवाजात दर्दी होतो, बेरजेत नव्हतो.

पुढे ताईंचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, जिना चढणं सुटलं, मग दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर धड आशाही देईनात आणि धड नाहीही म्हणेनात. त्याच सुमारास संच काढणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. गुरुवारी येतो, तबकडी ऐकतो, पसंत पडली तर नक्की करू. मास्तरांच्या ओळखीतून त्याच्या कानावर हुंदका गेला होता. फोनवर तो म्हणाला, "सगळा संच त्या हुंदक्यावर संपवायचा विचार आहे."

आणि नेमका प्लेअरचा पट्टा तुटला. दुरुस्तीवाल्याने नवा बसवून मंगळवारी दुपारी यंत्र आणून दिलं. खात्री करून घ्यावी म्हणून चष्मेवाल्यांनी दार लावलं आणि पांढऱ्या लेबलाची तबकडी चढवली.

यंत्राला वेगाचं एक बटण असतं. मोठ्या तबकड्या तेहतीसवर फिरतात, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे, सावकाश; छोट्या बहुतेक पंचेचाळीसवर. चष्मेवाल्यांकडे पुढे छोट्या तबकड्या ढिगाने आल्या, प्रत्येकीला ते लेबल वाचून बटण फिरवायचे. हिच्या लेबलावर वाचायला काहीच नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी बटण जिथे होतं तो तेहतीसचाच वेग हिच्यासाठी कायम राहिला. दुरुस्तीवाल्याला यातलं काय ठाऊक? त्याने तपासून बघताना ते पंचेचाळीसवर नेलं आणि तसंच ठेवलं.

पुढचं त्यांनी मला कितीतरी दिवसांनी सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता.

ढोल जिना चढत नव्हता, उड्या मारत उतरत होता. ऑर्गन खिदळत होतं. आणि गात होती एक पोरगी. आवाज मोकळा, जरासा नाकात, ओळीचा शेवट वर उचलायची सवय. पाढे म्हणून घेताना, जेवायला हाक मारताना याच आवाजाने तो शेवट वर उचलला होता. शेवटच्या कडव्याआधी काहीतरी दाणकन पडलं, आणि ती हसली. फस्सकन, नाकातून, आवरता आवरेना असं. मग तेच हसू तोंडात धरून तिने गाणं पुरं केलं.

त्यांनी बटण तेहतीसवर नेलं. बुवा रडला. पंचेचाळीसवर आणलं. ताई हसली. जी तबकडी झिजेल म्हणून महिन्यातून एकदाच वाजायची, ती त्या दुपारी त्यांनी किती वेळा वाजवली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"मग उचलायचं ना यंत्र," मी म्हटलं, "आणि जायचं दवाखान्यात."

"तेच मनात आलं. पहिल्यांदा तेच आलं."

दुसऱ्यांदा जे मनात आलं, ते जमाखर्चाचं होतं. गुरुवारी माणूस येणार होता तो हुंदक्यासाठी. हुंदकाच नाही म्हटल्यावर उरलं काय? कुणा टेलिफोनवालीचं एक उडतं गाणं. लेख गेला, फोटो गेला. आणि वर हसं. जन्मभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्याला आपल्या सख्ख्या बहिणीचा आवाज वाचता आला नाही, ही गोष्ट डॉक्टर प्रत्येक खुर्चीतल्या पेशंटला सांगणार. आणि पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकणार. त्यापेक्षा गुरुवार जाऊ दे. नक्की तेवढं होऊ दे. शुक्रवारी यंत्र घेऊन जाऊ, ताईच्या उशाशी ठेवू. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय?

बुधवारी ते दवाखान्यात गेले, रिकाम्या हातांनी. ताई उशांना टेकून बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती.

"झाला का प्लेअर दुरुस्त?"

"झाला."

"आणि तो रडका बुवा? बरा आहे ना?"

"बरा आहे," चष्मेवाले म्हणाले.

"उद्या माणूस येणारे ना. मास्तरांना सांग, तोच एक सदरा घालू नका म्हणावं." मग म्हणाल्या, "तुझं नाव छापून येईल रे धाकट्या. वाचून दाखव मला."

हे सांगताना चष्मेवाले पायरीवरचा एक खडा उचलून इकडून तिकडे ठेवत होते.

गुरुवारी आम्ही सगळे नटून हजर. मास्तर त्याच सदऱ्यात. कंपनीचा माणूस सडपातळ, अदबीचा, बोलण्याआधी ऐकून घेणारा. चष्मेवाल्यांनी तबकडी चढवली. त्यांचा हात बटणाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. मला वाटलं, माणूस घाबरलाय. मग तेहतीसवर गाणं सुरू झालं. हुंदका आला तेव्हा आम्ही तिघांनी सवयीने माना खाली घातल्या. पाहुण्यानेही घातली. चष्मेवाले मात्र दाराकडे बघत होते, जिथून हुंदका संपला की नेहमी कुणीतरी आत यायचं.

"घेतलं," पाहुणा म्हणाला. "संच यावरच संपेल."

डॉक्टरांनी चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर लेखातल्या विरामचिन्हांबद्दल आत्ताच बोलायला लागले. त्या गडबडीत फोन वाजला. चष्मेवाल्यांनी उचलला, ऐकला, हळूच खाली ठेवला. म्हणाले, "ताई." पुढचं विचारायची गरज पडली नाही.

नंतरच्या महिन्यात मंडळ बसलं नाही. मग एका रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, चहाचं विचारलं नाही. बटण फिरवलं आणि सुई ठेवली.

पहिल्या ओळीला डॉक्टर म्हणाले, "ही कोण बाई?" दुसऱ्या ओळीला गप्प झाले. स्टूल मोडलं तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. ताई हसल्या. आम्ही तिघं तिच्या गोष्टीवर हसणाऱ्यांपैकी; पण त्या खोलीत त्या दिवशी हसणारी ती एकटी.

सुई उचलल्यावर डॉक्टरांनी विचारलं. "त्यांना ऐकवलं होतंत?"

चष्मेवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी ही गोष्ट आजवर एकाही पेशंटला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी कंपनीच्या माणसाला फोन करून सगळं कबूल केलं. व्यवहार मोडला असं समजूनच बोलत होते. तिकडून तो म्हणाला, "अहो, हे तर त्याहून कितीतरी छान आहे. संच हसण्यावर संपवू. त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

संच निघाला. शेवटचं गाणं बरोबर वेगात, खाली ताईंचं पूर्ण नाव. आता ते सूचीतही लागलंय. मागे चष्मेवाल्यांचा लेख, छोटासा. मास्तरांनी तपासला, पण एका शब्दाला हात लावला नाही.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. कंपनीला गाणं मिळालं. आमचा एक हुंदका बुडाला, त्याच्या बदल्यात हसू मिळालं; तोटा नाही. चष्मेवाल्यांना लेख, नाव, फोटो, जे जे मिळणार होतं ते सगळं मिळालं, एक अक्षरही कमी नाही. खरं सांगितलं असतं तरी तेवढंच मिळणार होतं. फक्त मंगळवार ते गुरुवार असे दोन दिवस त्यांनी उसने घेतले होते, आणि ते ताईंच्या खात्यातून गेले.