डर्व्हला हॅनराटीच्या नावाचा पुकारा

मित्रांनो, मी एक जुना वकिली झगा आहे. काळा म्हणायची सोय उरलेली नाही. खांद्यांवर विटून हिरवट पडलो आहे. डब्लिनच्या कोर्टातल्या वकिलांच्या वाचनालयात, दाराजवळच्या खुंटीवर मी लटकत असतो.

माझे पहिले मालक बडे वकील होते. त्यांच्या अंगावर मी खूप मिरवलो. ते गेल्यावर मुलांनी मला जुन्या कपड्यांच्या दुकानात टाकले. तिथून मला डर्व्हला हॅनराटीने उचलले.

डर्व्हला डब्लिनपासून दूर, लिट्रिमकडच्या खेड्यातली. तिचे वडील मॅटी दुधाचा टँकर चालवत. वकिलीची सनद देणाऱ्या डब्लिनच्या शाळेला अर्ज ढीगभर आणि जागा मूठभर. पहिल्या खेपेला तिला प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या खेपेला मिळाला, तेव्हा गावाने चौकात मोठा जाळ पेटवून नाच केला. "पोरगी आत शिरली! आता कसली चिंता?" मॅटी सांगत सुटले. बिचारे! आत शिरणेच काय ते अवघड, असे त्यांना वाटत होते.

त्या शाळेत झगे घालून, लांब टेबलांवर ठरलेली जेवणे जेवल्याशिवाय कोणालाही सनद मिळत नाही. पहिल्याच पंगतीत शेजारच्या मुलाने माझ्यावर रस्सा सांडला.

"हॅनराटी? कुठले हॅनराटी? वडील न्यायाधीश का?"

"टँकर चालवतात. दुधाचा."

"अरे वा, म्हणजे चहाची सोय झाली!"

सगळे टेबल हसले. तीही हसली, पण माझ्या बाहीत तिने मूठ आवळली होती. रश्शाचा तो डाग अजून माझ्या छातीवर आहे.

सनद मिळाली. पहिले वर्ष एका मुरलेल्या वकिलाच्या हाताखाली फुकट राबण्यात गेले. मग सुरू झाले वाट बघणे. खटले घेऊन येणाऱ्या सॉलिसिटरांना वाचनालयात यायची मुभा नाही. ते दाराशी नाव सांगतात आणि दारावरचा फिंटन ते नाव खणखणीत आवाजात पुकारतो. न्यायाधीशांच्या पोरांची नावे सारखी पुकारली जात. डर्व्हलाचे नाव कोणी घेईना. ती मला घालून बसायची. डोळे पुस्तकात, कान दाराकडे. घरी फोनवर मात्र, "छान चाललंय, बाबा."

मग मॅटींचा गुडघा बिघडला. उपचारासाठी त्यांच्या डब्लिनला फेऱ्या सुरू झाल्या आणि त्यांची फिंटनशी गट्टी जमली.

"नवी पोरं मित्रांना सांगून स्वतःचंच नाव पुकारून घेतात," फिंटन म्हणाला. "नाव कानांवर पडलं पाहिजे ना!"

"मग घ्या की आमच्या पोरीचं! चांगला घसा खाकरून घ्या!"

"डर्व्हला हॅनराटी!"

ती उठली ती खुर्ची पाडूनच. धावत दाराशी गेली, तर बाबा, हातात हॅम-सँडविचचा डबा घेऊन उभे. "ऐकलंस? सगळ्यांनी ऐकलं!" ती हसली, त्यांना बिलगली. नंतर कोपऱ्यात जाऊन माझ्यात तोंड खुपसून रडली. फार वाईट वाटले मला.

पुढे दर खेपेस पुकारा झाला की खोलीत हशा पिकायचा. "हॅनराटी, डबा आलाय!" हळूहळू तिने लगेच उठणे सोडले. हसणारे पांगले की ती हळूच जायची.

असाच एक दिवस. फिंटनने नाव पुकारले, पुन्हा पुकारले. "डबा, डबा!" कोणीतरी ओरडले. तिने कानांत बोटे घातली. थोड्या वेळाने फिंटनने दुसरे नाव घेतले, आणि तोच रस्सा सांडणारा मुलगा उठून गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात गुलाबी फितीने बांधलेले खटल्याचे कागद होते.

"तुमच्या गावाकडचा सॉलिसिटर होता, पोरी," फिंटन नंतर म्हणाला. "तुझंच नाव विचारत आला होता. उठली का नाहीस गं?"

तसा पुकारा पुन्हा झाला नाही. वसंतात ती लंडनला एका विमा कंपनीत टायपिंग करायला गेली. जाताना मला खुंटीवर अडकवले. "घरी मीच सांगेन, फिंटन. तुम्ही काही बोलू नका."

तिने अजून सांगितलेले नाही. परवा मॅटी आले, लंगडत, डबा घेऊन.

"घ्या बघू नाव!"

फिंटनने माझ्याकडे पाहिले. मग छाती भरून पुकारले, "डर्व्हला हॅनराटी!"

या वेळी कोणी हसले नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"कोर्टात आहे हो ती," फिंटन म्हणाला. "खटला चालू आहे."

"खटला चालू आहे?" मॅटी ताठ उभे राहिले. "मग बोलवू नका. काम आधी! डबा तेवढा द्या तिला." जिन्यात भेटेल त्याला ते सांगत गेले, "माझी पोरगी कोर्टात उभी आहे!"

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला आज ना उद्या कसर खाणारच आहे. पण कोणी हाक मारली तर उठा. चारजण हसले तरी दारापर्यंत जाऊन बघा. तो डबा अजून माझ्याखालच्या बाकावर आहे. तो उघडायचा धीर फिंटनला होत नाही.