विमानाआधी आलेली शेपटी

मी एका विमानाची जुनी शेपटी आहे. नुसती शेपटी, विमान नव्हे. मित्रांनो, हे ऐकून तुम्ही गोंधळात पडला असाल, तर त्यात तुमची काही चूक नाही. मी स्वतः जन्मापासून गोंधळातच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, तोही अर्धाच. तिथे माझे ॲल्युमिनियमचे पत्रे कापले, त्यांना भोकं पाडली आणि सगळं एका लाकडी खोक्यात भरून झाकण ठोकलं. बोटीतून, मग रेल्वेतून मी बल्लारपूर गावाच्या बल्लारशाह स्टेशनावर उतरले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला घ्यायला अयूबभाऊ आले होते. हमाल म्हणाला की खोका मोठा आहे पण वजन नाही, आत काही आहे की नाही? अयूबभाऊ नुसते हसले.

अयूबभाऊ बल्लारपूरचेच. आखाती देशातल्या एका लहान विमानतळावर त्यांनी बरीच वर्षं मेकॅनिकचं काम केलं होतं. इतरांची विमानं दुरुस्त करायची आणि ती उडून गेली की खाली उभं राहून पाहायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. गावी परतल्यावर त्यांनी ठरवलं की घरीच स्वतःचं छोटं विमान जोडायचं. परदेशात अशी विमानं सुट्या भागांत मिळतात. पण कोणतं घ्यायचं, हे काही केल्या ठरेना. लाकडाचं हलकं असतं, पण त्याला इथली वाळवी सोडेल का? फायबरचं दिसायला गुळगुळीत, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याचं काय होईल? पत्र्याचं टिकाऊ, पण पत्र्यात एक भोक चुकलं की चुकलंच. शेवटी त्यांनी पत्र्याच्या विमानाची फक्त शेपटी मागवली. ती नीट जमली तर पुढचं मागवायचं, असं ठरलं.

म्हणजे मी परीक्षा होते. कोणाची परीक्षा, माझी की त्यांची, हे मला कोणी सांगितलं नाही.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काम सुरू झालं. पत्र्याला पत्रा रिवेटने जोडायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिवेट ठोकायचा आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. माझ्या आतली जागा अरुंद. अयूबभाऊंचा पंजा आत जाईना. मग त्यांच्या पत्नी सलीमाबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांचा हात अलगद आत गेला. तेव्हापासून मला दोघांनी मिळून घडवलं. ऊन चढलं की माझा पत्रा हात लावू देत नसे, म्हणून दोघं पहाटेच्या नमाजानंतर कामाला लागत. ठोकळा नीट धरला गेला नाही तर रिवेट वाकडा बसे. तो वाकडा रिवेट काढताना सलीमाबाई श्वास रोखून धरत.

रिवेट ठोकताठोकता विमानाच्या गोष्टी चालत, आणि माझा गोंधळ वाढत जाई. अयूबभाऊंना एका सीटचं विमान हवं होतं. हलकं, सोपं, लवकर होणारं. पण माझं अर्धं अंग तयार झालं, तेव्हा सलीमाबाई ठोकळा धरल्याधरल्याच म्हणाल्या, "दोन सीटचं घ्या. मी बी बसीन."

त्यातच बाबुलाल यायचे. तेही अयूबभाऊंच्याच वयाचे, लहानपणापासूनचे दोस्त. जवळच्याच आपल्या गावच्या तळ्यात मासेमारी करत आणि सायकलवर मासळी घेऊन बल्लारपूरला येत. त्यांचं म्हणणं होतं की पाण्यावर उतरणारं विमान घ्यावं, तळं तर घरचंच आहे. अयूबभाऊंनी विचारलं, उन्हाळ्यात तळं आटल्यावर काय करायचं? बाबुलाल म्हणाले, "मंग तेवढ्यापुरती चाकं लाव."

एक सीट, दोन सीट, चाकं, पाणी. मी रोज नव्या विमानाची शेपटी होत होते. शेपटीला निदान पुढे काय आहे ते माहीत असावं, नाही का?

मी पूर्ण झाले तेव्हा मोहल्ल्यातले लोक पाहायला आले. माझं सुकाणू, म्हणजे मागचा हलणारा भाग, डावीउजवीकडे हलवून सगळे वाहवा करत होते. मला फार अभिमान वाटला. आता उरलेलं विमान येईल, असं मला वाटलं.

पण ते आलं नाही. मध्यंतरी अयूबभाऊ विमान चालवण्याच्या परवान्यासाठी डॉक्टरी तपासणी करायला नागपूरला जाऊन आले होते. परतल्यापासून ते नुसते शेडमध्ये येत, माझ्यावरून फडकं फिरवत आणि जात. विमान कोणतं घेता, असं कोणी विचारलं की म्हणत, पाहू. पावसाळा गेला, थंडी आली, तरी त्यांचं 'पाहू' संपेना. माझ्यातच काही खोट निघाली, असा माझा समज झाला.

एका सकाळी सलीमाबाई शेडच्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही निवडून काऊन नाई राह्यले?"

अयूबभाऊंच्या हातातलं फडकं थांबलं. "निवडलं का बनवा लागते. बनवलं का उडवा लागते," ते म्हणाले. "मले उडवता नाई येनार, सलीमा. माह्या छातीचे ठोके बराबर नाई. डॉक्टर नाई म्हनले."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तू एवढी मेहनत केली. कोन्या तोंडानं सांगू?"

सलीमाबाई आत येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांचा राग मला दिसत होता, पण तो विमान न होण्याचा नव्हता. इतके महिने अयूबभाऊंनी हे दुखणं एकट्याने उरात ठेवलं, त्याचा होता. औषध कोणतं दिलं, जिना चढताना दम लागतो का, रात्री झोप येते का, हे सगळं त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उडवाले दुसरा मानूस भेटन. बनवाले तुम्हीच पाह्यजे."

तो दुसरा माणूस म्हणजे गुणवंतराव. विमान चालवायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता ते निवृत्त होऊन नागपूरला राहत होते. ते मला पाहायला आले. प्रत्येक रिवेटवरून बोट फिरवून त्यांनी काम उत्तम झाल्याचं सांगितलं. पण पत्र्याचं विमान वेगाने उतरतं, त्याला लांब आणि पक्की धावपट्टी लागते. त्यापेक्षा नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं, संथ उडणारं, दोन सीटचं विमान घ्या, असा त्यांचा सल्ला होता. त्याचं कापड फाटलं तर घरी दुरुस्त करता येतं.

"मग ही शेपटी?" अयूबभाऊंनी विचारलं.

गुणवंतराव जरा अवघडले. "ही त्याला लागणार नाही."

अयूबभाऊ सलीमाबाईंकडे पाहत राहिले. माझ्यातला एकेक रिवेट त्यांच्या हातातून गेला होता. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "कापडाचंच घ्या."

मित्रांनो, त्या दिवशी मी पास झाले की नापास, ते मला आजही कळत नाही.

नवे खोके आले. मला आढ्याला टांगलं. माझ्या खाली दोघांनी मिळून दुसरं विमान जोडलं आणि मी ते वरून पाहत राहिले. कधी माझ्यावर ओले कपडे वाळत घातले, कधी चिमण्यांनी घरटं केलं. कोणी माझं नाव काढेना. पुढे विमान ट्रकमधून नागपूरकडच्या एका मैदानावर गेलं. परवानगी मिळायला फार काळ लागला, पण एकदाची मिळाली.

उडण्याच्या दिवशी काय झालं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी अयूबभाऊंनी मला खाली काढलं, पुसलं आणि दोन स्टुलांवर ठेवलं. दोघं माझ्या दोन बाजूंना बसले. विमानाला सीट दोन, आणि एका सीटवर गुणवंतराव. म्हणून आधी अयूबभाऊ वर जाऊन आले, मग सलीमाबाई. एकत्र बसायचं म्हणून दोन सीटचं घेतलं, आणि एकत्र काही बसता आलं नाही. हे दोघांना आधीच ठाऊक असणार, पण मैदानावर उभं राहिल्यावर ते जास्त टोचलं असावं.

"मी इकडं वळलो," अयूबभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझं सुकाणू डावीकडे फिरवलं. "अन् तू?"

सलीमाबाईंनी ते उजवीकडे फिरवलं. "मले नदी दिसली."

"मले नाई दिसली. कोन्या बाजूले होती?"

त्यांनी अयूबभाऊंचा हात धरून माझ्यावर ठेवला आणि मला अगदी थोडं, हळूच वळवलं. "अशी. आता खाली पाहा."

अयूबभाऊंनी खरोखर खाली पाहिलं. खाली शेडची जमीन होती. तरी ते बराच वेळ पाहत राहिले. दोघांनी आपापलं उडणं असं जोडून घेतलं. मी जागची हलले नव्हते. मग मी तेव्हा उडाले, असं म्हणायचं का?

आता मी आरमोरीच्या एका शाळेत असते. अयूबभाऊंची पुतणी आफ्रीन तिथे शिकवते. विमान कसं वळतं, हे मुलांना दाखवायला तिने मला मागून घेतलं. कोणी मला पंख्याचं पातं म्हणतं, कोणी माशाचा पर. मी कोणाला खोटं पाडत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर दप्तरं टांगू नका. पावसाळ्यात माझ्या बिजागऱ्यांना तेलाचा थेंब द्या, नाहीतर त्या करकरतात. आणि मला वळवायचं असेल तर एकट्याने वळवू नका. एकाने वळवा आणि दुसऱ्याने समोर उभं राहून मी कोणत्या बाजूला वळले ते सांगा. मला आतून ते कळत नाही.