ताईंना काय द्यायचं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय त्यावरून मेलं तरी हलत नाही, असं तिचे विद्यार्थी सांगत. तिच्या कानावर ते आलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. या गावात निम्म्या लोकांना तिनेच गाडी शिकवली होती आणि त्यातला एकही अजून खांबावर चढला नव्हता.

घरातल्या माणसाला मात्र असा ब्रेक लावायची सोय नव्हती. तिच्या नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दिवसभर खुर्चीत बसून मान खाली घालून किल्ल्या घासायच्या. डॉक्टरांनी जरा चालत जा म्हणून सांगितलं, तर पठ्ठ्याने बागेत फेऱ्या मारायच्या सोडून एका सुटीच्या दिवशी थेट डोंगर गाठला. एकटाच. फोन दुकानात विसरून. वरच्या घळीत त्याचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सकाळचा गेलेला माणूस दुपार कलली तरी दगडांत पडून होता. त्या वाटेने उतरणाऱ्या तिघांना त्याची हाक ऐकू आली, त्यांनी त्याला खाली आणलं आणि दवाखान्यात पोचवलं.

ब्रेकबाई धावतपळत तिथे पोचली तेव्हा तिघं निघण्याच्या बेतात होती. एक उंच तरुण, एक चष्मेवाली मुलगी आणि एक पिकल्या केसांच्या बाई. आभार मानायला म्हणून ब्रेकबाईने त्या बाईंचा हात धरला आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. "असू द्या, असू द्या," त्या म्हणाल्या आणि हात सोडवून गेल्या. हाताचा चिखल तेवढा ब्रेकबाईच्या तळव्याला राहिला.

उंच तरुण त्याच दवाखान्यात परिचारक निघाला. सगळे त्याला लंबू म्हणत. त्याच्याकडूनच मग बाकीच्या दोघींचा पत्ता लागला. चष्मेवाली ग्रंथालयात काम करायची. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि त्यांना ही दोघं ताई म्हणायची. नवरा कुबड्यांवर चालायला लागल्यावर ब्रेकबाईने तिघांना जेवायला बोलावलं.

"रिकाम्या हाताने पाठवायचं नाही," तिने नवऱ्याला बजावलं. "मी काचेचा सेट बघून ठेवलाय. सहा पेले आणि एक भांडं."

नवऱ्याला हसू आवरेना. "अगं, ती माणसं टूथब्रशची दांडी अर्धी कापून नेतात. तेवढंच ओझं कमी. त्यांना तू काच देणार?"

"पेले काय डोंगरावर न्यायचेत? आणि हे दांडीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. उतरताना."

"म्हणजे उतरताना तुमच्या गप्पा चालल्या होत्या?"

नवरा एकदम गप्प झाला. त्या दिवसाबद्दल विचारलं की तो असाच गप्प व्हायचा. पाय घसरला, माणसं भेटली, त्यांनी आणलं. तीन वाक्यांत त्याचा डोंगर संपायचा. तिने खोदून खोदून विचारलं होतं, पण किल्ल्या करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं कुलूप भलतंच पक्कं होतं.

शेवटी ती त्याला गाडीत घालून गावाबाहेरच्या एका दुकानात घेऊन गेली. तिथे फक्त डोंगरात फिरणाऱ्यांचं सामान मिळायचं. भिंतीवर दोऱ्यांची भेंडोळी, छताला टांगलेले तंबू, आणि सगळीकडे नव्या रबराचा वास. दुकानदार दाढीवाला होता, बोलायला मोकळा.

"कोणासाठी घ्यायचंय?"

"तिघांसाठी. डोंगरात फिरणारी आहेत. काहीतरी छान, टिकाऊ दाखवा."

"टिकाऊ त्यांच्याकडे असतंच," दुकानदार म्हणाला. "सॅक, बूट, जाकीट, हे ज्याचं त्याने अंगाला लावून घ्यावं. दुसऱ्याने घेतलेला बूट म्हणजे फोडांना आमंत्रण. त्यांचं काय झिजतं, काय हरवतं, काय मोडतं, ते सांगा. ते द्या. माणूस खूश होतो."

ब्रेकबाईने नवऱ्याकडे पाहिलं. बूट घालून बघायला ठेवलेल्या बाकावर तो कुबड्या टेकवून बसला होता.

"अहो, सांगा ना. काय मोडलं त्यांचं?"

तो बराच वेळ समोरच्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताईंची काठी."

"कशी मोडली?"

"मोडली नाही, त्यांनी मोडली. माझ्या पायाला दोन्ही बाजूंनी आधार बांधायचा होता. त्यांच्याकडे जुनी लाकडी काठी होती, मूठ पार गुळगुळीत झालेली. त्यांनी ती दगडावर ठेवली आणि पाय देऊन काडकन मोडली. क्षणभरही विचार केला नाही. चष्मेवालीने गळ्यातला लोकरीचा मफलर काढला आणि त्याने ते तुकडे बांधले. मफलर पुढे दवाखान्यात कापूनच काढावा लागला."

दुकानदार आत गेला. ब्रेकबाई नवऱ्याशेजारी बाकावर टेकली.

"मग लंबूने सॅक रिकामी केली, तिच्या पट्ट्यांत माझे पाय घातले आणि मला पाठीवर घेतलं. लहान पोराला घेतात तसं. मी, या वयाचा माणूस." त्याने कुबडी मांडीवर घेतली. "अंधार पडला तेव्हा त्याचा टॉर्च बंद पडला. चष्मेवालीचा छोटा टॉर्च त्याने दातांत धरला आणि तसाच उतरला. मी रडत होतो गं. दुखत होतं म्हणून नाही. तू घरी काय करत असशील, याचाच विचार येत होता. ते टूथब्रशचं त्याने मला हसवायला सांगितलं."

ब्रेकबाईने त्याचा हात धरला. दुकानात दोघंतिघं गिऱ्हाइकं होती, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"आणि ताई?"

"वाट जिथे अगदी उभी होती ना, तिथे लंबूला मला घेऊन उतरता येईना. तिथे मला बसून सरकायला लागायचं. खाली पाय टेकायला काही नसायचं. मग ताई माझ्याआधी खाली उतरायच्या, गुडघा टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, ठेवा पाय माझ्या खांद्यावर. मी म्हणायचो, अहो कसं ठेवू? तर म्हणायच्या, लाजताय कसले, ठेवा. दर उतारावर असंच. माझं सगळं वजन त्यांच्यावर."

एवढं सांगून तो थांबला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. बाहेर येताना त्यांच्याकडे लंबूसाठी डोक्याला बांधायचा एक चांगला टॉर्च होता, चष्मेवालीसाठी मऊ लोकरीचा मफलर आणि मोज्यांचे जोड, आणि ताईंसाठी दुकानातल्या सगळ्यांत हलक्या, घडी होणाऱ्या दोन काठ्या. काचेच्या सेटचं नाव पुन्हा निघालं नाही.

सुटीच्या दिवशी तिघं वेळेवर आली. ब्रेकबाईने इतकं रांधलं होतं की लंबू दारातच म्हणाला, "काकू, अजून कोणी यायचंय का?" पण बघता बघता भांड्यांचे तळ दिसायला लागले. डोंगर चढणारी माणसं जेवतात कशी, हे तिला तेव्हा कळलं. जेवणानंतर तिने एकेक पुडकं हातात दिलं. लंबूने टॉर्च तिथेच कपाळाला बांधला आणि पेटवून टेबलाखाली काय सांडलंय ते बघून आला. चष्मेवालीने मफलर गालाला लावला आणि डोळे मिटले.

ताईंनी कागद अलगद सोडवला, काठी उलगडली आणि तळहातावर तोलून पाहिली.

"किती हलकी आहे," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज उतरला होता. लंबू आणि चष्मेवाली दोघंही ताटांकडे बघायला लागली.

"आवडली नाही का?" ब्रेकबाईने विचारलं.

"आवडली हो. कोणाला आवडणार नाही?" ताईंनी काठीची घडी घातली. "पण मी आता डोंगरावर जात नाही. डावा गुडघा गेला. डॉक्टर सपाटीवर चाला म्हणतात."

नवऱ्याच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरातच टेकला. "कधीपासून?"

"आहे जुनंच दुखणं."

"ताई, माझ्यामुळे झालं का?"

ताईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "खोटं कशाला बोलू? थोडं तुमच्यामुळेही. दुखत आधीपासून होतंच. डॉक्टरांनी त्याआधीच थांबा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, एकदा शेवटचं जाऊन येते, आणि तुम्ही भेटलात. खाली उतरेस्तोवर गुडघ्याने राम म्हटला."

नवऱ्याने मान खाली घातली.

"पण एक सांगते," ताई पुढे म्हणाल्या. "इतकी वर्षं डोंगरात गेले. कशाला? मजा म्हणून. फुलं बघितली, फोटो काढले, डबे खाल्ले. कोणाच्या उपयोगाची अशी एकच फेरी झाली, ती शेवटची. माझी काही तक्रार नाही. उद्या पुन्हा तसं झालं तर पुन्हा तसंच करीन. तेव्हा तुम्ही असं तोंड पाडून बसू नका. आणि या काठ्या तुम्हीच घ्या. कुबड्या सुटल्या की लागतील."

त्यांनी काठ्या त्याच्या मांडीवर ठेवल्याही.

ब्रेकबाई उठून स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला, दोन भांडी विसळली, पुन्हा विसळली. मग पदराला हात पुसत तशीच बाहेर आली आणि ताईंसमोर उभी राहिली.

"मग तुम्हाला काय देऊ ते तुम्हीच सांगा. काही नको म्हणू नका, मी ऐकणार नाही."

ताई हसल्या. "वर नेऊन सोडा मला."

त्यांनी थट्टेत म्हटलं होतं, पण ब्रेकबाईने ते थट्टेत घेतलं नाही. "वर रस्ता जातो का?"

"पलीकडच्या बाजूने खिंडीपर्यंत जातो," लंबू म्हणाला. "बस नाही जात. गाडी असेल तर जाता येतं."

"आणि गाडी मला येत नाही," ताई म्हणाल्या. "जन्मभर गाडीवाल्यांना शिव्या दिल्या. धूर करतात, डोंगरात येऊन कचरा टाकतात. आता बसा म्हणावं घरात."

"एकदा सोडलं तर तुम्ही एकदाच जाल," ब्रेकबाई म्हणाली. "दर वेळी कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागेल. ते तुम्हाला जमायचं नाही, तुम्ही तशातल्या नाही. उद्या सकाळी शाळेत या."

"कुठल्या शाळेत?"

"माझ्या. डावा गुडघा ना? बिनक्लचची गाडी आहे आमच्याकडे. डाव्या पायाला काही काम नाही."

"अहो, या वयात?"

"लाजताय कसल्या, या," ब्रेकबाई म्हणाली, आणि तिचा नवरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खदखदून हसला.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या. बूट डोंगराचेच घातले होते. ब्रेकबाईच्या हाताखालून कितीतरी विद्यार्थी गेले होते, पण असा नग तिने पाहिला नव्हता. वळण आलं की ताई स्टिअरिंगबरोबर स्वतःही वळायच्या. आरशात बघा म्हटलं की चष्मा पुसायच्या. रस्त्याच्या टोकाला डोंगर दिसला की त्यांची नजर तिथेच जायची आणि नजरेमागून गाडी.

"ताई, रस्ता! रस्ता बघा!"

"ढग बघा ना काय उतरलेत."

"ढगांना लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागतं!"

पण भीती म्हणून ठाऊक नव्हती त्या बाईंना. चुकल्या की रागवायच्या नाहीत, रडायच्या नाहीत, पुन्हा करायच्या. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना कुंडी फोडली आणि नापास झाल्या. परीक्षकाला म्हणाल्या, "कुंडी चुकीच्या जागी होती, पण चूक माझी." दुसऱ्या खेपेला पास झाल्या. निकाल ऐकायला ग्रंथालयातून चष्मेवाली आणि ड्यूटी बदलून लंबू, दोघंही हजर होती. लंबूने ताईंना उचलूनच घेतलं आणि त्या ओरडल्या, "ठेव खाली, माझा एक गुडघा तरी शाबूत राहू दे!"

त्याच आठवड्यात ताईंनी एका भाचीची जुनी, बिनक्लचचीच गाडी मागून आणली आणि ब्रेकबाईला फोन केला. "चला. पहिल्या खेपेला शेजारी तुम्हीच पाहिजे."

घाटाचा रस्ता अरुंद होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ब्रेकबाईला पायाखाली ब्रेक नसताना शेजारी बसायची सवय नव्हती, तिने दाराची मूठ घट्ट धरून ठेवली. ताईंनी मात्र गाडी सावकाश, एका लयीत वर घेतली. खिंडीत पोचल्यावर त्या खाली उतरल्या, आणि बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. वाऱ्याने त्यांचे केस विस्कटले. त्यांचे डोळे भरून आले होते की वाऱ्याने पाणी आलं होतं, हे ब्रेकबाईने विचारलं नाही.

ब्रेकबाई आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या उंचावर आली होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "हे पडले होते ती जागा कुठली?"

ताईंनी बोट केलं. समोरच्या डोंगराच्या माथ्याखाली दोन कातळ होते आणि मधून एक काळपट चीर खाली आली होती. चिरेखाली दगडांचा उतार, त्याखाली गवत, मग झाडी, मग पुन्हा कातळाची पायरी, आणि कुठेतरी अगदी तळाशी दोरा पडावा तशी पायवाट. गाव तर त्याच्याही पलीकडे होतं, धुरकट.

"तिथून?" ती म्हणाली. "तिथून खाली?"

"तिथूनच."

तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालून वर. एकेका उभ्या टप्प्यावर तिची नजर थांबत होती. इथे खांदा. इथे खांदा. इथेही. दवाखान्यात जे शब्द फुटले नव्हते ते आताही फुटेनात. तिने ताईंचा हात धरला, आणि या वेळी ताईंनी तो सोडवून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने तिने फोन काढला. नवरा दुकानात होता, मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"अहो, मी बघितलं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. कुठून आणलंय तुम्हाला ते."

तिकडची घरघर थांबली.

"वर गार असेल," तो म्हणाला. "काहीतरी पांघरून घे अंगावर. आणि ताईंना म्हणावं, उतरताना सावकाश."