फळ्यांखालचा वारा

पालीच्या बाजारपेठेतून आत वळलं की चढावर गंगाचं घर लागतं. ते बांधलं तिच्या नवऱ्याने, शिवाने. शिवा सुतार, पण घरादारांचा नव्हे, होड्यांचा. जन्म गेला मिरकरवाड्याच्या बंदरात. जागा उतरणीची असल्यामुळे घराचा पुढचा भाग जमिनीवर बसला आणि मागचा अधांतरी राहिला. लोक म्हणाले, माती भरून सपाट कर. शिवाने ऐकलं नाही. त्याने जांभ्याचे खांब उभे केले, भोवतीने चिऱ्यांची बुटकी भिंत घातली आणि वर होडीच्या तळासारखी घट्ट फळ्यांची जमीन जोडली. खाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी राहिली. घरात तिला नुसतं ‘खालचं’ म्हणत. खालच्याच्या भिंतीत त्याने समोरासमोर झरोके ठेवले.

“लाकडाच्या खालून वारा खेळायला हवा,” तो म्हणायचा. “नायतर होडी काय आणि घर काय, उभ्या जागी सडतं.”

त्यांची थोरली निशिगंधा या पोकळीवरच्या मागच्या खोलीत झोपायची. तिला दमा होता. पावसाळ्यात छाती भरली की तिच्या श्वासाला बारीक शीळ लागायची, पुंगीत अर्धवट फुंकर मारावी तशी. गंगाला झोपेतही ती ऐकू यायची. अकराव्या वर्षी भाद्रपदात तिचा दमा असा काही उठला की शेजारच्या बाबूच्या जीपमधून रत्नागिरीला न्यावं लागलं. पोर गंगाच्या मांडीवर होती. हातखंब्याच्या अलीकडे शीळ थांबली. गंगाला वाटलं, डोळा लागला. तिने पदराने पोरीचं कपाळ टिपलं आणि बाबूला म्हणाली, “आता सावकाश चालव. झोपलीय ती.”

पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला आणि तीच शीळ मागच्या खोलीतल्या फळ्यांखालून आली. तशीच बारीक, तशीच मधे अडखळणारी. गंगाने नारळाची सोडणं आणून झरोक्यांत कोंबली. शिवाने ती काढली. तिने पुन्हा कोंबली. त्याने पुन्हा काढली तेव्हा ती जेवायची बंद झाली. मग एका सकाळी शिवा स्वतः कालवलेल्या सिमेंटची पाटी घेऊन खाली उतरला आणि त्याने आतून सगळे झरोके बुजवले. त्याचा काय परिणाम होणार ते त्याला ठाऊक होतं. त्यानंतर दर उन्हाळ्यात तो खाली जायचा, तुळयांना तेल लावायचा, एखादी नरमलेली फळी बदलायचा. यावर दोघांत कधी शब्द झाला नाही.

शिवा गेल्यावर खाली कोणी उतरलं नाही. मुलगा दीपक मुंबईला नोकरीला, सून संध्या पालीच्या पतपेढीत, आणि सहा वर्षांची सानवी आजीपाशी.

यंदा श्रावणातल्या एका दुपारी गंगा पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. पाऊस एका लयीत पडत होता. आणि मागून शीळ आली.

गंगाच्या हातातली आठळी खाली पडली. कोणी उघडले झरोके? ती तशीच पावसात बाहेर पडली, घराला वळसा घालून उतरणीच्या बाजूला गेली. झरोके बुजवलेलेच होते. तोंडांवर हिरवं शेवाळ चढलं होतं. तिने ओल्या चिऱ्यावर कान टेकला. भिंत मुकी होती. आत काहीच नव्हतं.

ती घरात आली, तर शीळ पुन्हा चालू. एक एक पाऊल टाकत ती मागच्या खोलीत गेली. चटईवर पाठमोरी एक मुलगी झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. पाठीची हाडं वर येत होती, खाली जात होती.

“निशी?” गंगाच्या तोंडून गेलं.

मुलीने कूस बदलली. ती सानवी होती.

डॉक्टरांनी औषध दिलं, वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं आणि विचारलं, घरात ओल आहे का? त्या संध्याकाळी संध्याने मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं. पाठीमागची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. कपाटाच्या पायाखालची फळी बोटाने दबत होती. तिने सानवीचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं. पण फळ्यांच्या फटींतून येणारा तो कुबट वास घरभर फिरायचाच. गणपतीला आलेल्या दीपकने ओल धरू नये म्हणून भारीतला रंग आणून भिंतीला फासला. विसर्जनाच्या आतच त्याला फोड आले.

शेवटी पालीच्या आनंदा गवंड्याला बोलावलं. उतरणीकडच्या बुटक्या दारातून तो बॅटरी घेऊन आत गेला आणि हातात लाकडाचा एक तुकडा घेऊन बाहेर आला. त्याने मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी आलं.

“वरच्या अंगाने पाणी झिरपतंय. त्याला चर काढून देतो,” तो म्हणाला. “खाली मातीवर जाड प्लास्टिक अंथरू. पण काकी, झरोके कोणी बुजवले?”

“आम्हीच,” गंगा म्हणाली.

“ते आधी फोडायला लागतील.”

“त्यांना हात नाय लावायचा.”

“अहो, आत कोंडलेली वाफ मग जाणार कुठे? वरच येणार, तुमच्या घरात.”

“सांगितलं तेवढं कर.”

संध्याने सासूकडे पाहिलं. निशिगंधाबद्दल तिला ठाऊक होतं, झरोक्यांबद्दल नव्हतं. तरी ती मधे पडली नाही. आनंदाने चर खणला, प्लास्टिक अंथरलं. उरलेलं काम उद्या बघू म्हणून छिन्नी, हातोडी दारापाशीच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सानवीला धाप लागली. संध्याने तिच्या तोंडावर मशीनचा मास्क धरला. गंगा पायथ्याशी बसून ऐकत होती. शीळ चढली, मग हळूहळू बारीक होत गेली. आणि थांबली.

“आलं बाई आटोक्यात,” संध्या म्हणाली. “बघा आई, झोपली.”

गंगा ताडकन उठली. तिने नात हिसकावून घेतली, गदागदा हलवली. “झोपू नको गो! डोळे उघड! सानवी, आवाज कर बाय, आवाज कर!”

घाबरून सानवी रडायला लागली. चांगलं मोठ्याने, भरल्या श्वासाने रडली. गंगाने तिच्या छातीला कान लावला आणि तशीच बसून राहिली. संध्याने मशीन बंद केलं आणि पोरीला अलगद आपल्याकडे घेतलं.

त्या दिवशी संध्या सानवीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्यावर गंगाने पदर खोचला आणि बुटकं दार उघडलं. साठीच्या गुडघ्यांनी ती प्लास्टिकवरून रांगत पुढे सरकली. वास असा होता की श्वास अर्ध्यावर अडावा. ‘हिलाही असंच होत असेल,’ तिच्या मनात आलं, आणि ‘हिला’ म्हणजे कोणाला ते तिचं तिलाच कळेना. डोक्यावरच्या तुळयांतून थेंब मानेवर पडत होते. बॅटरीच्या उजेडात पहिला झरोका सापडला.

सिमेंटवर शिवाचा पंजा उमटला होता. ओलं असताना त्याने तळव्याने दाबून बसवलं असणार. सुताराचा हात, तर्जनीचं पेर तुटलेलं. गंगाने त्यावर आपला हात ठेवला. सिमेंट थंड होतं. बराच वेळ तिला छिन्नी उचलवेना.

मग तिने पहिला घाव घातला. पंजा मधोमध फुटला.

समोरचा झरोका फोडायला जास्त वेळ लागला. शेवटचा खपला बाहेर पडला तसा वारा आत घुसला, या झरोक्यातून त्या झरोक्यात. आणि काळोखात, तिच्या कानाशी, शीळ सुरू झाली.

गंगा पळाली नाही. पळता येण्यासारखी जागाच नव्हती ती. तिने डोळे मिटले. शीळ चढायची, अडखळायची, क्षणभर थांबायची. प्रत्येक वेळी थांबली की गंगाही श्वास धरायची. मग ती पुन्हा यायची. पुन्हा यायची. गंगा तिथेच आडवी झाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा लेकीचं नाव घेऊन रडली.

संध्या परतली तेव्हा सासू मातीने माखलेली, दारातल्या पायरीवर बसली होती. संध्याने छिन्नी पाहिली. मग आतला आवाज तिच्या कानावर आला.

“आई, हे काय वाजतंय?”

“निशी हाय,” गंगा म्हणाली.

संध्याने आत जाऊन सासूच्या आंघोळीसाठी बंबात पाणी तापवायला ठेवलं.

आनंदाने उरलेले झरोके मोकळे केले, उंदीर-जनावर शिरू नये म्हणून जाळ्या बसवल्या, कुजलेल्या फळ्या बदलल्या. दिवाळीपर्यंत भिंत सुकली, वास गेला. सानवीचा दम्याचा पंप काही सुटला नाही, पण मशीन कपाटात गेलं. ती पुन्हा मागच्या खोलीत झोपू लागली, आजीच्या शेजारी. वारा एकदम पडून शीळ थांबली की गंगा आजही दचकून उठून बसते आणि पोरीच्या छातीवर हात ठेवते.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सानवी फळीला कान लावून पालथी पडली होती.

“आजी, खाली कोण आहे?”

“तुझी आत्या.”

सानवीने थोडा विचार केला. “तिला थंडी नाही वाजत? खाली किती वारा आहे!”

गंगाने तिच्या केसांवरून हात फिरवला. “तिला वाराच हवा असायचा, बाय. तोच पुरायचा नाय.”

सानवी उठली. तिची चटई दोन फळ्यांमधल्या फटीवर आली होती. तिने ती उचलली आणि थोडी बाजूला सरकवली.