नायलॉनची गाठ

जिवल्याने टाच गाळात दाबली आणि तो थांबला. खाली दगड नव्हता. दगड टाचेला सरळ लागतो. हे आधी जरा दबलं, मग हललं.

"मिळालं काय?" तळ्याच्या पलीकडच्या बाजूने चिंतूने विचारलं.

"गप रे."

चिंतू त्याचा शेजारी, त्याच्याच वयाचा. तारापूरला समुद्राच्या कडेला पावरहाऊसचं बांधकाम चाललं होतं, तिथे तो खडी उचलायला जायचा. मुकादमाकडून मागून त्याने सळईचा एक तुकडा आणला होता आणि तो गाळात जागोजाग खुपसत होता. कासवाच्या पाठीवर सळई लागली की बोथट आवाज येतो. जिवल्याला सळई लागत नसे. टाचेने शोधायला तो आपल्या बायकोकडून, नवसीकडून शिकला होता.

वैशाख संपत आला होता. उमरोळीबाहेरच्या या तळ्यात मधोमध डबक्याएवढं पाणी राहिलं होतं. बाकी सगळा गाळ, वरून भेगाळलेला आणि आत ओला. कासवं या दिवसांत गाळात शिरून पडून राहतात. पाऊस लागला की ती कुणाच्या हाती लागत नाहीत.

जिवल्या गुडघ्यांवर बसला. त्याने कोपरापर्यंत हात घातला, पाठीची कड चाचपली, शेपटीकडची बाजू कुठली ते ओळखलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. गाळाने ते सहज सोडलं नाही. मग एकदम चिखलाचा मोठा गोळा त्याच्या मांडीवर आला आणि गोळ्यातून चार पाय बाहेर आले.

"आयला! सुपाएवढं हाय," चिंतू म्हणाला. "बुधीला पुरंल, तिच्या पोटातल्याला पुरंल, आन शेजाऱ्याला पन पुरंल."

"शेजाऱ्यानं सळई घेऊन दिवसभर गाळ उकरावा."

"उकरतो ना. पन तू दोरा नीट बांध. नायतर नवसीवयनीसारखं करशील."

जिवल्या हसला. ही थट्टा जुनी होती आणि ती त्यानेच सुरू केली होती.

चार वर्षांपूर्वी त्याने याच तळ्यातून एक मोठी मादी काढली होती. मागच्या पायाजवळ बोट दाबलं तर आतली अंडी हाताला लागत होती. ती पिवळी अंडी जिवल्याला फार आवडायची. पण कासव आणल्याबरोबर कापत नाहीत. गाळाचा वास जावा म्हणून दोन दिवस चांगल्या पाण्यात ठेवतात. पाठीच्या मऊ कडेला भोक पाडतात, त्यातून दोरा ओवून खांबाला बांधतात. नवसीने त्या दिवशी नायलॉनचा दोरा घेतला होता. माहीमच्या एका कोळणीने तिला तो नाचणीच्या बदल्यात दिला होता. गावात तसा दोरा तेव्हा कुणाकडे नव्हता. सकाळी पाहिलं तर कासव नव्हतं, दोराही नव्हता.

"खांबाची गाठ सुटली," नवसी म्हणाली होती.

जिवल्या चार दिवस तिच्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, पण गाठीचं विसरला नाही. मोळी बांधताना, कुडाला काथ्या बांधताना, लग्नात मांडव घालताना तो चार माणसांत म्हणायचा, "नवसीला देऊ नका रे, तिच्या हातची गाठ सुटते." लोक हसायचे. नवसीही हसायची.

ती गेल्या पावसाळ्यात तापाने गेली.

घरी बुधी दारातच उभी होती. बुधी त्यांची एकुलती मुलगी. सातवा महिना लागला तशी बाळंतपणाला बापाकडे आली होती. आल्यापासून तिने काही मागितलं नव्हतं. परवा एकदाच म्हणाली, "बा, आय करायची तसं कासव खावंसं वाटते." जिवल्याने नुसती मान हलवली होती. त्याला स्वतःलाही दहा महिने तेच हवं होतं. पण एकट्यासाठी कोण रांधतो?

"एवढं मोठं!" बुधी म्हणाली. "बा, आय आदी काय करायची? कडत पानी टाकायची ना?"

"कडत पानी. मग शिंपल्यानं कातडी खरवडायची. मग कडेनं कोयता घालायचा, पोटाची पाटी वेगळी करायची. पित्त फुटू द्यायचं नाय. फुटलं तर सगळं कडू."

"ते तू कर. मला जमायचं नाय."

"मीच करीन."

"आन तेल?"

"तेल नाय टाकायची. त्याचीच पिवळी चरबी मडक्यात टाकायची, ती सुटली की लसूण, मिरची. कैरी शेवटी. कैरी आदी टाकली की मास शिजत नाय, असं म्हनायची."

"कैऱ्या मी आनल्यात," बुधी म्हणाली. "लसूण पन सोलून ठेवलाय." एवढं बोलून ती आत गेली. उद्या नाही तर परवा शिजायचं, तरी तिने पाटा धुवून ठेवलेला त्याला दारातून दिसला.

जिवल्या घरामागे गेला. त्याने कासवावर पाणी ओतलं आणि गवताच्या मुठीने चिखल घासून काढला. दाभण घेतलं. शेपटीजवळची मऊ कड अंगठ्याने धरली आणि भोक कुठे पाडावं ते पाहू लागला.

भोक होतं.

भोकात नायलॉनचं लहानसं कडं होतं, करंगळी जेमतेम शिरेल एवढं. शेवाळाने हिरवं झालेलं. त्याने ते नखाने खरवडलं. खाली पांढरा दोरा निघाला. गाठ दुहेरी होती. तिची दोन्ही टोकं अगदी जवळ कापून निखाऱ्याला लावलेली होती, टोकांना मोहरीएवढे दोन मणी झाले होते. बांधताना एकच टोक कापतात. दुसरं लांब सोडतात, ते खांबाकडे जातं.

त्याने गाठ नखाने ओढून बघितली. मग दाताने. गाठ हलली नाही.

तो दाभण हातात घेऊन तसाच बसून राहिला. त्या वर्षी नवसीला दिवस गेले होते. त्याला ते ठाऊक नव्हतं. आषाढात गर्भ पडला, तेव्हा तिने सांगितलं. आणि आणखी एक आठवलं, गेल्या उन्हाळ्यातलं. दोघं याच तळ्यात होते. नवसी थांबली होती, वाकली होती, गाळात हात घालून बराच वेळ काही चाचपत होती.

"काय हाय?" त्याने विचारलं होतं.

"दगड हाय," ती म्हणाली होती आणि पुढे सरकली होती.

नवसीच्या टाचेने दगड आणि कासव यांत कधी चूक केली नव्हती.

"बा, बांधलं काय?" आतून बुधीने हाक मारली.

"बांधतो."

त्याने कासव मोठ्या मडक्यात पाण्यात सोडलं. वर सूप ठेवलं आणि सुपावर दगड ठेवला. संध्याकाळी दोघं जेवायला बसली. बुधी दोनदा उठून मडक्यापाशी जाऊन आली.

सकाळी उजाडल्यावर बुधी पाणी बदलायला गेली. दगड जमिनीवर होता. सूप कुडाला टेकवून ठेवलेलं होतं.

"बा, कासव कुठं हाय?"

जिवल्या ओट्यावर बसला होता. "गेलं," तो म्हणाला. "गाठ सुटली."

बुधी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता, अजून ओला. ती चिखलाकडे पाहत राहिली.

"आयनं पन असंच सांगितलेलं," ती म्हणाली.

"हां."

"चिंतूकाका गावभर हसंल तुला."

"हसू दे. ती तीन वर्सं ऐकत होती."

बुधीने मागे वळून पाहिलं. आत पाट्यावर लसणाचा ढीग तसाच पडला होता.

"तेव्हा मी चार दिस बोललो नव्हतो तिच्याशी," जिवल्या म्हणाला. "तू किती दिस बोलनार नायस?"

बुधी आत गेली. भांड्याचा आवाज झाला. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, एक हात कमरेवर ठेवून हळूच खाली बसली आणि तांब्या त्याच्या पायांवर कलता केला.

"पाय पुढं घे," ती म्हणाली.